मूळ प्रतीला हात लावू नये

आपल्या बालाघाट जिल्ह्यात सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक ताम्रपट मोठा लक्षणीय आहे. तो वाकाटक घराण्यातील दुसरा पृथ्वीषेण या राजाचा, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. नागपूरचे थोर संशोधक महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी वाकाटकांचे सर्व कोरीव लेख एकत्र करून १९६३ साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात या ताम्रपटालाही स्थान आहे. ताम्रपट हे बहुधा दानपत्र असते. आरंभी राजाची वंशावळी येते, आणि त्यानंतर दान कोणास दिले, कोणते गाव दिले, त्याच्या चतुःसीमा कोणत्या, हा तपशील येतो. बालाघाटच्या या ताम्रपटावर वंशावळी नीट कोरलेली आहे, परंतु दानाचा मजकूर मात्र कोरलेलाच नाही. लेख तेथेच थांबला आहे.

हा अपुरा लेख पाहिला म्हणजे दानपत्राच्या घडणीविषयी एक गोष्ट चटकन ध्यानात येते. दानपत्राचा एक भाग कायमचा असतो. राजा तोच असेतोपर्यंत वंशावळी तीच राहावयाची. दुसरा भाग प्रत्येक दानागणिक नवा असतो. आता आपण अशी कल्पना करू की, एखाद्या लेखकाने वंशावळी कोरलेला एक पत्रा नमुना म्हणून दप्तरात ठेवला आहे. पहिले दान देण्याची वेळ आली. लेखकाने नवा पत्रा घेऊन त्यावर नमुन्याची नक्कल करावी आणि मग दानाचा तपशील कोरावा, ही रीत झाली. पण त्याने आळस केला आणि तपशील थेट नमुन्यावरच कोरला. पहिले दानपत्र बिनचूक झाले. पुढे दुसरे दान आले. लेखकाने दप्तरातून 'कोरा' नमुना मागविला; आणि हाती काय आले? पहिल्या गावाचे नाव असलेला पत्रा. त्यावरच त्याने पुढचे गाव कोरले. आता त्या पत्र्याचा धनी कोण, आणि गाव कोणते?

संगणकाच्या आज्ञावलीत, म्हणजे ज्याला आपण प्रोग्रॅम म्हणतो त्यात, नेमका हाच घोटाळा होऊ शकतो. स्कीम नावाच्या भाषेत तो अगदी उघडपणे पाहावयास सापडतो, म्हणून तीच भाषा आम्ही या लेखासाठी निवडली आहे. आज आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक नसला तरी मोबाइल असतो, आणि गुणपत्रिका, मतदारयादी, धान्याचे वाटप, बँकेचे खाते हे सर्व व्यवहार प्रोग्रॅमच्या हाती गेले आहेत. प्रोग्रॅम लिहिणारा कोठे चुकतो हे समजून घेणे हे केवळ त्या विषयाच्या विद्यार्थ्याचेच काम राहिलेले नाही.

प्रथम या भाषेचा थोडा परिचय करून घेऊ. अमेरिकेतील जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली लिस्प या भाषेचा पाया घातला. त्याच कुळात १९७५ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी स्कीमला जन्म दिला. तिचे मूळ नाव 'स्कीमर' असे होते. पण त्या वेळच्या त्यांच्या संगणकावर फाइलच्या नावात सहाच रोमन अक्षरे मावत, म्हणून शेवटचे अक्षर गळाले आणि 'स्कीम' हेच नाव रूढ झाले. भाषा आटोपशीर, तिचे नियम थोडे, पण त्या थोड्या नियमांतून मोठमोठी कामे साधतात. त्यामुळे प्रोग्रॅम लिहिण्याचे शास्त्र शिकविण्यासाठी अनेक विद्यापीठांनी तिचा आश्रय केला. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.तही स्कीम आणि तिची वंशज रॅकेट या भाषांच्या आधारे हा विषय शिकविला गेला आहे.

बीजगणितात आपण 'चल' आणि 'स्थिरांक' हे शब्द शिकतो. प्रोग्रॅममध्येही काही मूल्ये प्रोग्रॅम चालू असताना तयार होतात, आणि काही मूल्ये लिहिणारा स्वतःच प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहून ठेवतो. ५ हा आकडा लिहिला, किंवा दुहेरी अवतरणचिन्हांत "लालबर्रा" हा शब्द लिहिला, तर ती मूल्ये लिहिल्याक्षणीच पूर्ण झालेली असतात. त्यांचा अर्थ काढण्यासाठी काही हिशेब करावा लागत नाही. अशा मूल्याला आपण 'लिखित स्थिरांक' म्हणू.

स्कीममध्ये कंसात लिहिलेली कोणतीही गोष्ट ही सामान्यतः आज्ञा मानली जाते. मग कंसात आकड्यांची नुसती यादी लिहावयाची असेल तर काय करावे? त्यासाठी कंसापूर्वी एक छोटे अवतरणचिन्ह देतात. '(० ० ०) असे लिहिले की संगणकाला समजते, 'ही आज्ञा नव्हे, ही तीन शून्यांची यादी आहे, ती जशी आहे तशी घ्यावी.' या चिन्हाला स्कीममध्ये 'कोट' म्हणतात. अशा रीतीने लिहिलेली यादीही लिखित स्थिरांकच होय. ती प्रोग्रॅमच्या मजकुराचा भाग असते, ताम्रपटावरील वंशावळीप्रमाणे कोरलेली असते.

आता उदाहरण घेऊ. शाळेच्या क्रीडामहोत्सवात तीन पथके आहेत. प्रत्येक खेळाचा गुणतक्ता ठेवण्यासाठी कोणी विद्यार्थ्याने स्कीममध्ये प्रोग्रॅम लिहिला. त्यात 'नवा-तक्ता' नावाचे एक कार्य आहे. ते बोलाविले की त्याने '(० ० ०) ही यादी काढून द्यावयाची. यादीतील आकडा बदलण्यासाठी स्कीममध्ये 'सेट-कार!' ही आज्ञा आहे. 'कार' म्हणजे यादीचा पहिला घटक. उरलेल्या यादीस 'कुडर' म्हणतात, आणि तिचाही 'कार' बदलता येतो. या आज्ञेच्या शेवटी असलेले उद्गारचिन्ह वाचकांनी ध्यानात ठेवावे. स्कीममध्ये अशी प्रथा आहे की, जी आज्ञा एखाद्या वस्तूत फेरफार करते, तिच्या नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह द्यावे. रेल्वेच्या फाटकाजवळ धोक्याची पाटी असते, तसे हे चिन्ह समजावे.

पहिला सामना कबड्डीचा झाला. नवा तक्ता मागविला, तीन शून्ये मिळाली. पथकांना अनुक्रमे ५, ३ आणि १ असे गुण मिळाले, आणि तक्ता (५ ३ १) असा झाला. कबड्डीची ढाल पहिल्या पथकास. सारे ठीक झाले.

नंतर खो-खो झाला. त्यात पथकांना ३, ४ आणि २ असे गुण पडले. म्हणजे ढाल दुसऱ्या पथकाची. प्रोग्रॅमने पुन्हा 'नवा-तक्ता' बोलाविला. पण हाती तीन शून्ये आली नाहीत, (५ ३ १) हीच यादी आली! त्यात खो-खोचे गुण मिळविले गेले आणि तक्ता (८ ७ ३) असा झाला. प्रोग्रॅमने जाहीर केले की खो-खोतही पहिलेच पथक विजयी. ज्या पथकाने मैदानावर घाम गाळून सामना जिंकला, त्याची ढाल संगणकाने दुसऱ्याच्या हाती दिली. आणि एवढ्यावरच हे थांबत नाही. आता कबड्डीचा तक्ता उघडून पाहिला तर तोही (८ ७ ३) असाच दिसेल. कारण दोन तक्ते मुळी नव्हतेच. नावे दोन होती, यादी एकच होती. कबड्डीचे खरे गुण कोठेच उरले नाहीत.

असे का झाले? 'नवा-तक्ता' या नावावरून आपला समज झाला की प्रत्येक वेळी नवी यादी तयार होते. परंतु लिखित स्थिरांक तयार करण्याचे काम संगणक पुनःपुन्हा करीत नाही. प्रोग्रॅम वाचताना तो '(० ० ०) ही यादी मेमरीत एकदाच मांडतो, आणि पुढे जेव्हा जेव्हा ते कार्य बोलाविले जाते, तेव्हा तेव्हा त्याच जागेचा पत्ता हाती देतो. पहिल्या वेळी त्या जागेत शून्ये होती. आपणच तेथे ५, ३ आणि १ लिहिले. दुसऱ्या वेळी संगणकाने प्रामाणिकपणे तीच जागा दाखविली. म्हणजे प्रोग्रॅमने आपल्याच मजकुरातील अक्षरे खोडून तेथे दुसरी लिहिली. कागदावरचा प्रोग्रॅम वाचला तर तेथे अजूनही तीन शून्येच दिसतात, आणि म्हणूनच चूक शोधणाऱ्याची मती गुंग होते.

या चुकीचा आणखी एक फसवा गुण असा की, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की ती अदृश्य होते. नव्याने सुरू झालेला प्रोग्रॅम आपला मजकूर पुन्हा वाचतो आणि शून्ये पुन्हा शून्ये होतात. एकाच सामन्यावर चाचणी घेणाऱ्याला ती कधीच सापडणार नाही. सकाळचा पहिला हिशेब बरोबर, दुपारचा दुसरा चूक, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बरोबर! एकदा बरोबर उत्तर आले म्हणजे रीत बरोबर आहे असे ठरत नाही, हे गणिताचे शिक्षक आपणांस नेहमी सांगतात. त्याचा याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण पुष्कळांचा गोंधळ याच ठिकाणी होतो. नाव आणि वस्तू या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्कीममध्ये 'सेट!' नावाचीही एक आज्ञा आहे. ती नाव एका वस्तूवरून काढून दुसऱ्या वस्तूस देते. घरावरील नावाची पाटी काढून ती शेजारच्या घरावर लावावी, तसे हे आहे. त्याने पहिल्या घराची एक वीटही हलत नाही. 'तक्ता' हे नाव आजवर '(० ० ०) या यादीस होते, ते उद्यापासून दुसऱ्या यादीस द्यावयाचे, यात काहीच गैर नाही. 'सेट-कार!' मात्र पाटीला हात लावीत नाही, ती घराची भिंतच पाडून नवी बांधते. त्या घरावर ज्या ज्या कोणाच्या पाट्या असतील, त्या सर्वांचे घर बदलते. म्हणून '(० ० ०) या यादीला 'माझा-तक्ता' असे नाव दिल्याने ती आपली होत नाही. नाव देणे म्हणजे नक्कल करणे नव्हे.

भाषेचे नियम याविषयी काय सांगतात? स्कीमचे नियम वेळोवेळी 'सुधारित अहवाल' या रूपाने प्रसिद्ध होतात. २०१३ साली सिद्ध झालेल्या सातव्या अहवालात म्हटले आहे की, लिखित स्थिरांकाच्या जागी नवे मूल्य लिहू पाहणे ही चूक आहे. येथे 'चूक आहे' या शब्दांना विशिष्ट अर्थ आहे. नियम मोडणारा चुकला हे खरे, पण संगणकाने ती चूक पकडलीच पाहिजे असे बंधन अहवाल घालीत नाही. यामागचे कारणही त्यातच दिले आहे. काही यंत्रांवर असे स्थिरांक केवळ वाचता येणाऱ्या मेमरीत ठेवणे सोयीचे असते. तेथे लिहिणे शक्यच नाही. इतर यंत्रांवर बदलणाऱ्या व न बदलणाऱ्या वस्तू वेगवेगळ्या राखण्याचा खर्च पेलत नाही. दोघांचीही सोय व्हावी म्हणून जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर टाकली आहे. २००७ सालच्या सहाव्या अहवालाने याहून थोडी पुढची अपेक्षा धरली होती, ती अशी की, असा प्रयत्न होताच संगणकाने हरकत घ्यावी.

परिणामी एकच प्रोग्रॅम निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे वागतो. एके ठिकाणी तो तत्काळ थांबतो आणि 'ही वस्तू बदलता येत नाही' असे सांगतो. दुसऱ्या ठिकाणी काहीही न बोलता बदल करून मोकळा होतो. विद्यार्थ्याला पहिल्या प्रकारचा संगणक खाष्ट वाटतो आणि दुसरा समजूतदार वाटतो. खरी गोष्ट उलट आहे. जो अडवितो तो आपले हित पाहतो. जो गप्प राहतो तो आपल्याला चुकीच्या निकालाच्या पायरीपर्यंत सोबत करतो.

गप्प राहणाऱ्या संगणकावर याहूनही विलक्षण प्रकार घडू शकतो. समजा, सातवी, आठवी आणि नववी या तीन वर्गांसाठी आपण तीन वेगवेगळ्या ठिकाणी '(० ० ०) असे लिहिले. आपण म्हणू, आता तरी तीन वेगळ्या याद्या झाल्या! पण जागा वाचविण्यासाठी, एकसारखे दिसणारे स्थिरांक एकाच ठिकाणी ठेवण्याची मुभा नियमांनी दिलेली आहे. कारण जे बदलावयाचेच नाही, ते दहा ठिकाणी साठविण्यात अर्थ तो काय? अशा वेळी सातवीच्या तक्त्यात केलेला फेरफार नववीच्या तक्त्यात उमटू शकतो. कारण शोधणारा नववीच्या भागात कितीही डोके घालो, चूक तेथे नसतेच.

हा दोष केवळ स्कीमपुरता नाही. १९५७ साली आय.बी.एम. कंपनीने फॉर्ट्रान ही भाषा उपलब्ध करून दिली. तिच्या कित्येक जुन्या व्यवस्थांमध्ये, उपकार्याकडे १ हा आकडा पाठविला तर प्रत्यक्षात त्या आकड्याच्या जागेचा पत्ता जाई. उपकार्याने तेथे २ लिहिले, की पुढे प्रोग्रॅममध्ये जेथे जेथे १ लिहिला असेल तेथे तेथे संगणक २ वाची! एक म्हणजे दोन होऊन बसला, मग हिशेब कसला राहणार? सी या भाषेच्या १९८९ सालच्या मानकानेही लिखित शब्दात फेरफार केल्यास काय घडेल याची काहीही हमी घेतली नाही. पायथॉन ही भाषा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात शिकविली जाते. तिच्यात कार्याच्या पोटात लिहिलेली यादी प्रत्येक वेळी नवी बनते, ही गोष्ट चांगली आहे. परंतु कार्य रचताना एखाद्या घटकाला गृहीत मूल्य म्हणून रिकामी यादी दिली, तर ती एकदाच बनते आणि पुढील सर्व वेळी तीच वापरली जाते. आपल्या गुणतक्त्याचा रोगच तेथे दुसरे सोंग घेऊन येतो.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला हा रोग परका नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास, सिद्ध झाली. पुढे सुमारे तीनशे वर्षे तिच्या प्रतीवरून प्रती होत राहिल्या, आणि त्यांत पाठभेद शिरले. एखाद्या प्रतीत कोणी एक शब्द बदलला, की तिच्यावरून उतरविलेल्या सर्व प्रतींत तोच बदल मूळ म्हणून नांदू लागतो. पुढच्या वाचकाला कोणी सूचना देत नाही की, हे अक्षर मूळचे नव्हे. अखेर पैठणच्या एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, पाठ शुद्ध करून ज्ञानेश्वरीची प्रत सिद्ध केली, आणि पुढे कोणी तीत आपल्या ओव्या घालू नयेत असे बजावले. ज्याला स्वतःचे काही लिहावयाचे आहे त्याने वेगळा ग्रंथ लिहावा. नाथांनी स्वतःही भागवतावर वेगळा ग्रंथ रचला. मूळ ते मूळ राहिले पाहिजे आणि आपले ते आपल्या प्रतीत लिहिले पाहिजे, हा जो विवेक, तोच येथे उपयोगी पडतो.

मग उपाय कोणता? उपाय साधा आहे. ज्यात बदल करावयाचा ती वस्तू प्रोग्रॅम चालू असताना नव्याने तयार करावी. स्कीममध्ये '(० ० ०) असे लिहिण्याऐवजी (लिस्ट ० ० ०) असे लिहावे. दिसावयास फरक अल्प आहे, पण अर्थ अगदी निराळा. पहिल्यात 'ही यादी जशी आहे तशी घ्या' असे सांगितले आहे. दुसऱ्यात 'तीन शून्ये घेऊन नवी यादी बनवा' अशी आज्ञा आहे. ही आज्ञा जितक्या वेळा पाळली जाईल तितक्या नव्या याद्या बनतील. एवढा एक बदल केला की कबड्डीचा तक्ता (५ ३ १) आणि खो-खोचा (३ ४ २) असा वेगवेगळा राहील, आणि ढाल योग्य हाती जाईल. मूळ यादी लांबलचक असेल आणि ती पुन्हा बनविणे त्रासाचे असेल, तर तिची नक्कल करावी. यादीसाठी 'लिस्ट-कॉपी', शब्दासाठी 'स्ट्रिंग-कॉपी' आणि ओळीने मांडलेल्या कप्प्यांसाठी 'व्हेक्टर-कॉपी' अशी कार्ये सातव्या अहवालात दिलेली आहेत.

परंतु नक्कल करतानाही दोन ठिकाणी पाय घसरण्याची भीती असते. पहिली अशी की, 'लिस्ट-कॉपी' यादीची केवळ वरची ओळ नवी करते. यादीच्या पोटात आणखी याद्या असतील, तर आतल्या याद्या मूळच्याच राहतात. वर्गाच्या यादीत प्रत्येक विद्यार्थ्याच्या गुणांची छोटी यादी असेल, तर बाहेरची यादी आपली, पण आतले गुण मूळ प्रतीचे, अशी स्थिती होते. घराला नवे दार बसविले, पण आतल्या खोल्या शेजाऱ्याच्याच राहिल्या, त्यातलाच हा प्रकार. आतही बदल करावयाचा असेल तर आतल्या याद्यांचीही नक्कल केली पाहिजे. दुसरी भीती दोन याद्या जोडताना असते. 'अपेंड' हे कार्य दोन याद्या जोडून देते. पहिल्या यादीची ते नक्कल करते, पण शेवटची यादी तशीच मागे जोडते. ती शेवटची यादी लिखित स्थिरांक असेल, तर जोडून आलेल्या यादीचे डोके नवे आणि शेपूट कोरीव असते. डोक्यात बदल केला तर चालेल, शेपटाला हात लावला की पुन्हा तीच चूक.

याहून मूलगामी उपाय असा की, वस्तूत फेरफार करण्याचेच सोडावे. कबड्डीनंतर जुना तक्ता खोडण्याऐवजी, जुन्या तक्त्यावरून बेरीज केलेला नवा तक्ता तयार करावा. जुना आहे तसा राहतो आणि पुढे पडताळा पाहता येतो. जमाखर्चाच्या वहीत जुनी रक्कम न खोडता खाली नवी नोंद करतात, त्यात हेच शहाणपण आहे. स्कीमच्या घराण्यातील पीएलटी स्कीमने २००८ साली याच मार्गाने पाऊल टाकले. तिच्यातील सामान्य याद्या त्या वर्षापासून अपरिवर्तनीय झाल्या. ज्याला बदलता येणारी जोडी हवी असेल त्याने ती वेगळ्या नावाने मागावी, असा नियम झाला. हीच भाषा २०१० पासून रॅकेट या नावाने ओळखली जाते. 'सेट-कार!' तेथे सामान्य याद्यांवर चालतच नाही, म्हणून आपल्या उदाहरणातील चूक तेथे करू म्हटले तरी करता येत नाही.

तथापि प्रत्येक भाषा असे कुंपण घालून देईलच असे नाही. म्हणून कोणत्याही भाषेत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने, वस्तूत बदल करणारी आज्ञा लिहिण्यापूर्वी, स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू मी आता बनविली आहे, की प्रोग्रॅमच्या मजकुरातून उचलली आहे? हिच्यावर आणखी कोणाच्या नावाची पाटी आहे काय? आणि हेच कार्य लागोपाठ दुसऱ्यांदा बोलाविले तर उत्तर तेच येईल काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या विचाराने देऊ नये. प्रोग्रॅम बंद न करता तो दोनदा चालवून पाहावा. पहिल्या वेळी दडलेली चूक दुसऱ्या वेळी उघडी पडते, आणि त्यासाठी क्षणभरही वेळ लागत नाही.

संगणक सांगितले तेवढेच करतो, आणि लिहिले तेच खरे मानतो. आपण मूळ अक्षर खोडले तर त्याला मूळ काय होते हे आठवत नाही, आणि विचारले तरी तो सांगू शकत नाही. ज्या पथकाचे गुण खोडले गेले त्याची बाजू मांडण्यास मग कोणीच उरत नाही. म्हणून जे कायमचे म्हणून लिहिले ते कायमचे राहू द्यावे, आणि बदलावयाचे असेल तेव्हा नवा पत्रा घ्यावा.